उपासनेचा साउंड : शेवटच्या बाकापर्यंत शब्द पोचवायचा कसा?

मागचा_बाक (ठाणे)

रविवारी चर्चमधली उपासना सुटली की साउंडच्या टेबलाशी हमखास कोणीतरी येतं आणि म्हणतं, "आज आवाज कमी होता हो." मीटर बघावा तर आवाज भरपूर असतो. लोकांना ऐकू आलेलं असतं, कळलेलं नसतं. मागच्या बाकांवरच्या आजींना पाळकसाहेब बोलतायत हे समजतं, काय बोलतायत ते निसटतं. यावर आपल्याकडचा ठरलेला उपाय म्हणजे फेडर (मिक्सरवरची आवाजाची सरकपट्टी) वर ढकलायचा, आणि त्याने बहुतेक वेळा प्रकरण आणखी बिघडतं. का बिघडतं आणि त्याऐवजी काय करावं, यासाठी हा धागा काढतोय. आमच्या तरुण संघातली मुलं आता मिक्सरवर बसायला लागली आहेत, त्यांनाही वाचायला देणार आहे.

ज्यांना ऑर्केस्ट्रा किंवा भावगीतांच्या कार्यक्रमाची सवय आहे, त्यांनी एक फरक आधी ध्यानात घ्यावा. कार्यक्रमात काही जण गातात आणि बाकीचे ऐकतात. उपासनेत सगळी मंडळी गाते. शिवाय शास्त्रपाठ, प्रार्थना, उपदेश, सूचना मिळून बराचसा वेळ निव्वळ बोलणं असतं. म्हणून माझा क्रम ठरलेला आहे : आधी बोलण्यातला प्रत्येक शब्द, मग मंडळीचं स्वतःचं गाणं, आणि त्यानंतर बँड. पैसे खर्च करायचे तेही याच क्रमाने.

आता जागा. आपल्या भागात दोनच तऱ्हा जास्त दिसतात. एक म्हणजे जुनं दगडी मंदिर, म्हणजे चर्च, उंच छत, जाड भिंती, लाकडी बाकं. दुसरी म्हणजे रविवारपुरता भाड्याने घेतलेला शाळेचा किंवा समाजमंदिराचा हॉल : वर सिमेंटचा स्लॅब, खाली टाइल्स, दोन्ही बाजूंना काचेच्या सरकत्या खिडक्या आणि घरघरणारे पंखे. दोन्हींत आवाज शोषणारं फारसं काही नाही. बोललेला शब्द भिंतींवर आपटत राहतो आणि पुढच्या शब्दावर येऊन बसतो. स्वर लांबत जातात, व्यंजनं त्याखाली गाडली जातात. 'विश्वास' मधला 'श्व' गेला की उरतं काय?

या घुमण्याचं गणित हार्वर्डच्या वॉलेस सॅबिनने १८९५ पासून मांडायला घेतलं. विद्यापीठाच्या एका व्याख्यानगृहात बोललेलं कळत नव्हतं, म्हणून रात्री बाहेर शांतता असताना तो शेजारच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या आणून ठेवायचा आणि आवाज विरायला किती वेळ लागतो ते मोजायचा. त्याचं सूत्र आपण घरच्या घरी वापरू शकतो : हॉलचं घनफळ गुणिले ०.१६१, भागिले एकूण शोषण. समजा हॉल २० मीटर लांब, १२ रुंद, ५ उंच, म्हणजे १२०० घनमीटर. रिकामा असताना शोषण ६० चौरस मीटर (म्हणजे तेवढी उघडी खिडकी आवाज गिळतेय असं) धरलं तर आवाज विरायला ३.२ सेकंद लागतात. बसलेल्या माणसाचं शोषण सुमारे ०.४ चौरस मीटर असतं. दीडशे माणसं आली की आणखी ६० चौरस मीटरची भर पडते आणि वेळ निम्म्यावर, १.६ सेकंदांवर येतो. बोलणं नीट कळायला तो १ सेकंदाच्या आसपास असलेला बरा.

यातून लगेच उपयोगी पडणाऱ्या गोष्टी दोन. सकाळी आठला रिकाम्या हॉलमध्ये केलेला साउंडचेक खरा नसतो. तेव्हा जे कर्कश किंवा घुमट वाटतं ते मंडळी बसल्यावर निम्मं शांत होतं, त्यामुळे रिकाम्या हॉलमध्ये इक्यू (जाड-बारीक सूर कमीजास्त करणारे नॉब) फार पिळू नये. आणि दुसरी, जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते : फेडर वर केला की थेट आवाज जेवढा वाढतो तेवढाच घुमणाराही वाढतो. दोघांचं प्रमाण तेच राहतं. स्पष्टता एका इंचानेही सरकत नाही. ते प्रमाण बदलायचं तर बॉक्स (स्पीकर) माणसांच्या जवळ न्यावे लागतात, त्यांचं तोंड भिंतींकडे किंवा छताकडे न ठेवता माणसांकडे वळवावं लागतं, आणि माईक तोंडाजवळ आणावा लागतो.

माईकचंच घ्या. तोंड आणि माईक यांतलं अंतर निम्मं केलं, ३० सेंटिमीटरचं १५ केलं, की ६ डीबी (डेसिबल, आवाज मोजायचं माप) फुकट मिळतात. त्यासाठी अँप (ॲम्प्लिफायर) बदलावा लागत नाही, विक्रेत्याकडे जावं लागत नाही. शास्त्रपाठ वाचायला येणारी माणसं दर आठवड्याला वेगळी असतात, उंची वेगळी, आवाज वेगळा. व्यासपीठाजवळ एकाने उभं राहून प्रत्येक वाचणाऱ्यासाठी माईकची मान वाकवून दिली तर निम्म्या तक्रारी तिथेच संपतात.

शिट्टीबद्दल (माईक बॉक्सचाच आवाज पकडतो तेव्हा वाजते ती), हमबद्दल (बॉक्समधली सततची घूं), हार्मोनियम-तबल्याबद्दल आपापले अनुभव लिहा. माझ्याकडचं मीही लिहीत जाईन.

कळवेकर

दादा, अगदी वेळेवर धागा काढलात. आमची उपासना शाळेच्या हॉलमध्ये असते, मंडळी शंभर-सव्वाशे. स्टेजच्या दोन कोपऱ्यांत दोन बॉक्स, मधे पाळक आणि बँड. पुढच्या तीन रांगांना कान झाकावे लागतात आणि मागे काहीच कळत नाही. वर सतत हम असतो, कीबोर्ड लावला की वाढतो. दुकानदार म्हणतोय जास्त वॅटचे बॉक्स घ्या. मंडळीचा पैसा आहे, म्हणून खर्च करण्याआधी विचारतोय.

मागचा_बाक

कळवेकर, वॅट वाढवू नका. तुमच्याकडे आवाजाची वाटणी चुकलीये, ताकद पुरेशी आहे. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की थेट आवाज ६ डीबीने पडतो. पहिली रांग बॉक्सपासून २ मीटरवर आणि शेवटची १६ मीटरवर असेल तर मधे तीनदा दुप्पट झाली, म्हणजे १८ डीबीचा फरक. मोठा बॉक्स आणलात तरी हा फरक १८ डीबीच राहणार, फक्त पुढच्यांचे कान आणखी दुखतील.

पहिलं काम, बॉक्स उंच करा. हॉर्न (बॉक्समधला बारीक सुरांचा भोंगा) हा बसलेल्या माणसांच्या डोक्याच्या बराच वर हवा आणि तोंड थोडं खाली, मागच्या रांगांकडे. त्याने पुढची रांग बॉक्सच्या थेट माऱ्यातून बाहेर पडते आणि पुढचा-मागचा फरक कमी होतो. दुसरं, पाळक बॉक्सच्या पुढे उभे राहत असतील तर बॉक्स त्यांच्याही पुढे सरकवा. माईक बॉक्सच्या मागे राहिला तर शिट्टीचा धोका पुष्कळ कमी होतो.

तिसरं काम थोड्या खर्चाचं आहे. हॉलच्या मध्यावर दोन्ही भिंतींना लहान बॉक्स लावा, पण त्यांना डिले द्या, म्हणजे त्यांचा आवाज किंचित उशिरा सोडा. आपल्याकडच्या हवेत, ३० अंशांना, आवाज सेकंदाला साधारण ३४९ मीटर जातो. पुढचे आणि मधले बॉक्स यांत १० मीटर अंतर असेल तर पुढून आवाज यायला सुमारे २९ मिलिसेकंद लागतात. मधल्या बॉक्सना तेवढा डिले द्यायचा आणि वर १० ते १५ आणखी. जर्मनीच्या हेल्मुट हास याने १९४९ मध्ये प्रयोग करून दाखवलं की दोन सारखे आवाज थोड्या अंतराने आले तर जो आधी कानावर पडतो त्या दिशेनेच सगळं येतंय असं आपल्याला वाटतं. म्हणजे शेजारच्या बॉक्समधून शब्द स्पष्ट मिळतो, पण पाळक समोरूनच बोलतायत असं वाटत राहतं. डिले न देता मधे बॉक्स लावले तर पुढचा आवाज मागाहून येऊन त्याच शब्दावर बसतो आणि होतं त्याहून वाईट होतं. तुमच्या मिक्सरच्या आउटपुटला डिले आहे का ते आधी बघा. डिजिटल असेल तर बहुधा असतोच.

हमबद्दल इथले जाणकार सांगतील.

जुनी_केबल

हमचं मी सांगतो. आयुष्य मंडपात आणि हॉलमध्ये गेलं माझं.

कीबोर्ड लावल्यावर हम वाढतो म्हणजे बहुतेक अर्थचा लूप आहे. कीबोर्ड स्टेजवरच्या सॉकेटला, मिक्सर मागच्या भिंतीच्या सॉकेटला. दोन वेगळ्या वाटांनी अर्थ, आणि त्या दोन वाटा तुमच्या ऑडिओ केबलने जोडल्या गेल्या. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून ५० आणि १०० हर्ट्झचा हा घूं आवाज. कीबोर्डला ट्रान्सफॉर्मरवाला डीआय बॉक्स (वाद्य आणि मिक्सर यांच्या मधे बसणारी छोटी डबी) लावा. त्यावर ग्राउंड लिफ्टचं बटण असतं, ते दाबून बघा. आणि जमेल तर मिक्सर, अँप, स्टेज सगळ्यांना वीज एकाच बोर्डावरून द्या.

आता जे लिहितोय ते प्रत्येकाने नीट वाचा. हम घालवायला प्लगची अर्थची पिन काढायची नाही. कापायची नाही, टेप लावायची नाही, थ्री-पिनला टू-पिन अडॅप्टर लावायचा नाही. मी हे मोठमोठ्या ठिकाणी बघितलंय. गिटारची तार हातात आणि ओठ माईकला, अशा अवस्थेत एखाद्या अँपमध्ये गळती झाली तर करंट मुलाच्या अंगातून जातो. डीआयवरचं बटण फक्त सिग्नलचा अर्थ तोडतं, ते चालतं. प्लगची पिन जीव वाचवते, ती राहू द्यायची. भाड्याच्या हॉलमध्ये पहिल्या दिवशी टेस्टरवाला माणूस बोलवून अर्थ आहे का बघून घ्या, आणि आपल्या एक्स्टेंशन बोर्डाला ३० मिलिअँपचा आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) बसवून घ्या. बँडमधली पोरं आपलीच असतात.

ऐरोलीची_आल्टो

मी गायनमंडळात आहे, साउंडमधलं कमी कळतं, पण आमच्या बाजूचं मांडते. आम्ही दहा-बारा जणी आणि पुरुष सहा. आधी प्रत्येकाच्या हातात माईक होता. आता साउंडवाल्या दादांनी सगळे काढून समोर दोनच उभे केलेत. पहिल्यांदा वाईट वाटलं, कारण मॉनिटरमध्ये (आमच्याकडे तोंड केलेल्या बॉक्समध्ये) स्वतःचा आवाज येईनासा झाला. पण मंडळीतले लोक म्हणतात चारही सूर (बायकांचे दोन, पुरुषांचे दोन) वेगळे कळतात. हे कसं काय? आणि आम्हांला आमचा आवाज ऐकू यावा यासाठी काय करता येईल?

मागचा_बाक

ताई, तुमच्या साउंडवाल्या दादांनी योग्य केलंय. उघड्या माईकांची संख्या दुप्पट झाली की शिट्टी लागेपर्यंत आवाज वाढवायला मिळणारी जागा ३ डीबीने घटते. एकाचे दोन, दोनाचे चार, चाराचे आठ : आठ माईक उघडे म्हणजे ९ डीबी गेले. शिवाय एकीचा आवाज शेजारणीच्या माईकमध्येही जातो, थोडा उशिरा, आणि दोन्ही मिसळले की आवाज पोकळ येतो. म्हणून दोन माईकांमधलं अंतर हे माईक ते गाणारा या अंतराच्या किमान तिप्पट ठेवायचं. कंडेन्सर माईक पहिल्या ओळीपासून ६० ते ९० सेंटिमीटर पुढे, डोक्याच्या थोडा वर, रोख मागच्या ओळीकडे. त्यांना ४८ व्होल्टचा फँटम (मिक्सरमधून केबलने जाणारी वीज) लागतो, तो म्यूट करूनच चालू-बंद करायचा, नाहीतर बॉक्समधून फाडकन आवाज येतो.

स्वतःचा आवाज ऐकू येण्याबद्दल : गायनमंडळाचा माईक गायनमंडळाच्याच मॉनिटरमध्ये देणं म्हणजे शिट्टीला आमंत्रण. तुमच्या मॉनिटरमध्ये फक्त हार्मोनियम किंवा कीबोर्ड आणि मुख्य गायकाचा आवाज मागा, तोही हळू. आणि अर्धवर्तुळात उभ्या राहा. सरळ रांगेपेक्षा एकमेकींचा आवाज त्यात कितीतरी चांगला येतो.

मॉनिटर कुठे ठेवायचा हे माईकच्या जातीवर ठरतं. एसएम ५८ सारखा कार्डिऑइड माईक बरोबर मागून, १८० अंशांत सर्वांत कमी ऐकतो, म्हणून मॉनिटर थेट समोर चालतो. बीटा ५८ सारखा सुपरकार्डिऑइड मागून थोडं ऐकतो आणि १२५ अंशांच्या आसपास बहिरा असतो, म्हणून त्याच्यासाठी मॉनिटर थोडा बाजूला सरकवायचा. दोन्ही माईक बाहेरून सारखेच दिसतात, त्यामुळे हे नेहमी राहून जातं. आणि माईकची जाळी मुठीत धरायची नाही. तरुण मुलं हौसेने तसं धरतात. जाळी झाकली की माईक सगळीकडून ऐकायला लागतो आणि शिट्टी मारतो. मूठ खाली दांड्यावर.

ड्रमवाला_वाशी

सगळं वाचलं, पटलं. एका मुद्द्यावर मात्र माझं मत वेगळं आहे. बँड तिसऱ्या क्रमांकावर हे मला मान्य नाही. आमच्याकडे कॉलेजची मुलं येतात ती गाण्यामुळे येतात. किक आणि बास छातीत लागला पाहिजे, तेव्हा ती हात वर करून गातात. नुसतं बोलणं स्पष्ट ठेवून उपासना होत नाही. देवाची स्तुती झांजांनी करा असं स्तोत्रातच सांगितलंय.

मागचा_बाक

झांजा हव्यातच, त्याबद्दल वाद नाही. मी क्रम सांगितला तो दोन गोष्टींत ओढाताण झाली तर कोणाला झुकतं माप द्यायचं याचा. तुम्ही म्हणता तशी मुलं गातात का, हे एकदा मिक्सरच्या जागेवरून उठून त्यांच्यात उभं राहून ऐका. बँड इतका मोठा असेल की शेजारच्याचा आणि स्वतःचा आवाज कानावर येत नाही, तर माणूस हळूहळू गायचं सोडतो आणि बघायला लागतो. हात वर असतात, ओठ थांबलेले असतात.

मी असं करतो : पहिलं कडवं आणि धृपद बँडच्या आधाराने. सगळ्यांनी चाल पकडली की दुसऱ्या कडव्यापासून मुख्य गायकाचा फेडर ३ डीबी खाली, शेवटच्या धृपदाला ड्रम आणि बास थांबवायला आधीच सांगून ठेवलेलं असतं. त्या क्षणी मंडळीचा आवाज हॉल भरून टाकतो आणि मिक्सरवर मला काही करावंच लागत नाही. हे बँडशी शनिवारी बोलून ठरवावं लागतं. साउंडवाला आणि गाणं घेणारा यांची तालीम वेगवेगळी असून चालत नाही.

ड्रमकिट सिमेंटच्या बंद हॉलमध्ये माईकशिवायच १०० डीबीच्या आसपास जातं. मग त्याच्या वर गायकाचा आवाज काढायला सगळंच वर न्यावं लागतं. रॉड्स (जुडीच्या, हळू वाजणाऱ्या काठ्या) वापरा, कहोन (वर बसून हाताने वाजवायचा लाकडी खोका) वापरा, किंवा इलेक्ट्रॉनिक किट. कानाचाही विचार हवा. ८५ डीबीए (कानाच्या संवेदनेप्रमाणे मोजलेले डीबी) ही पातळी ८ तासांसाठी धरतात आणि दर ३ डीबीला सुरक्षित वेळ निम्मा होतो, म्हणजे ९४ डीबीएला एकच तास. पहिल्या रांगेत संडेस्कूलची लहान मुलं बसलेली असतात.

ड्रमवाला_वाशी

ड्रम थांबवून शेवटचं धृपद, हे करून बघतो. रॉड्स आहेत माझ्याकडे. बासबद्दल मात्र हट्ट राहील.

मागचा_बाक

बास ठेवाच की. फक्त बोलण्याच्या आणि गाण्याच्या सगळ्या माईकांना १०० ते १२० हर्ट्झचा लो-कट (त्याखालचे जाड सूर कापणारी सोय) लावा, म्हणजे खालची जागा बास आणि किकला मोकळी राहते. मराठी प्रार्थनेत हा लो-कट आणखी एका कारणाने लागतो. 'प्रभू', 'पित्या', 'पवित्र', प्रत्येक वाक्याला 'प' येतो आणि माईकवर हवेचा फटका बसतो. लो-कटने निम्मं काम होतं, उरलेलं माईक तोंडाच्या थेट समोर न धरता गालाच्या बाजूने तिरपा धरल्याने. पाळकसाहेबांना हे एकदा बॉक्ससमोर उभं करून दोन्ही तऱ्हांनी ऐकवलं की त्यांना लगेच पटतं.

ऐरोलीची_आल्टो

हार्मोनियम-तबल्याबद्दल लिहा ना. आमच्याकडे महिन्यातून एकदा पूर्ण भजनी पद्धतीची उपासना असते, खाली बसून. रेव्हरंड टिळकांची भजनं त्या दिवशी ज्येष्ठ मंडळी पुस्तक न उघडता गातात. पण साउंड नेमका त्याच दिवशी सगळ्यात कच्चा असतो. बँडसाठी सगळं सेट केलेलं असतं, पेटीपुढे कुठलातरी उरलेला माईक ठेवतात.

मागचा_बाक

याचं मला फार वाईट वाटतं. ना. वा. टिळकांनी (१८६१–१९१९) आपल्या मंडळीला भजन आणि कीर्तन दिलं, त्या गाण्यांची चाल पेटी-तबला-टाळ यांच्याच अंगाने जाते, आणि आपण त्याच वाद्यांना उरलेला माईक देतो. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पेटी : माईक लहान स्टँडवर, पट्ट्यांच्या वर २५ ते ३० सेंटिमीटर, वाजवणाऱ्याच्या उजव्या हाताकडून तिरपा. भात्याच्या बाजूला ठेवलात तर सुरापेक्षा हवेचा फुसफुस आवाज आणि भात्याची खटखट जास्त येते. फार जवळही नको, नाहीतर दोन-तीन पट्ट्याच मोठ्या ऐकू येतात. लो-कट १०० च्या आसपास. पेटी डब्यातून आल्यासारखी वाटली तर ४०० ते ६०० हर्ट्झमध्ये थोडं काढा, ३ डीबी पुरतं. पेटीवाला स्वतः गात असेल तर त्याच्या गाण्याच्या माईकमध्ये पेटी भरपूर येतेच. आधी फक्त तो एक माईक उघडून ऐका, पेटी त्यातच पुरेशी असेल तर पेटीचा माईक नावापुरता ठेवा.

तबला : दायाँ आणि बायाँ, प्रत्येकाला स्वतंत्र माईक. शक्य असेल तर एकावर भागवू नये. दायाँचा माईक वरून, कडेकडे रोखून, हाताला लागणार नाही इतक्या उंचीवर. 'ना' ची टणक फार टोचली तर माईक शाईकडे (पुडीवरच्या काळ्या गोलाकडे) थोडा वळवा, इक्यूच्या आधी हे करून बघा. बायाँला गाण्यासारखा १२० चा लो-कट लावू नका, 'घे' चा सगळा गाभा त्याच्या खालीच असतो. तिथे ४०-५० पुरे. बायाँ आणि मॉनिटर यांची गुरगुर सुरू झाली तर मॉनिटरमधून बायाँ काढून टाका, वाजवणाऱ्याला तो मांडीशीच ऐकू येतो. टाळ-झांजांना माईक लागत नाही, बाकीच्या सगळ्या माईकांतून ते येतातच. टाळकऱ्यांना गायकाच्या माईकपासून दीड-दोन मीटर दूर बसवा.

आणि या उपासनेचा वेगळा सीन (सगळ्या सेटिंग्जची नोंद) डिजिटल मिक्सरमध्ये साठवून ठेवा. ॲनालॉग असेल तर मोबाइलने नॉब्जचा फोटो काढून ठेवा. मग दर महिन्याला शून्यापासून सुरुवात होणार नाही.

पनवेलकर

आमच्याकडे २०२० पासून उपासना यूट्यूबवर जाते. घरी पडून असलेले आजारी सभासद, गावाकडचे नातेवाईक बघतात. हॉलमध्ये सगळं छान, पण घरी ड्रम ऐकूच येत नाही आणि गायकाचा आवाज एकदम कोरडा, कानाशी आल्यासारखा. मुख्य आउटपुटचाच एक वायर कॅमेऱ्याला दिलाय. कॉर्डलेस माईकही मधेच तुटतात, बॅटरी नवी असून.

मागचा_बाक

हॉलमध्ये ड्रम मुळातच मोठा असल्याने तुम्ही तो मिक्सरमधून कमी देता, आणि घरी जातं ते फक्त मिक्सरमधलं. म्हणून स्ट्रीमसाठी वेगळी बस (मिक्सरमधलं स्वतंत्र मिश्रण) हवी. त्यात ड्रम जास्त, गायक थोडा मागे, आणि मंडळीकडे तोंड केलेले दोन माईक, जे हॉलच्या बॉक्समध्ये कधीच जाणार नाहीत, फक्त स्ट्रीममध्ये. घरी बसलेल्याला मंडळी गाताना ऐकू आली की तोही गातो. उपदेशाच्या वेळी ते दोन माईक खाली घ्या. ऐकणारा बहुधा मोबाइलच्या इवल्या स्पीकरवर ऐकतोय, म्हणून उपदेशावर थोडा कंप्रेसर (मोठ्या-लहान आवाजातला फरक कमी करणारा) ठेवा. यूट्यूब फार मोठा आवाज खाली आणतं, पण लहान आवाज वर उचलत नाही, तेव्हा पातळी फार कमी पाठवू नका. आणि कॅमेऱ्याचं चित्र आवाजाच्या मागे राहत असेल तर आवाजाला तेवढा डिले द्या. टाळी वाजवून जुळवता येतं.

कॉर्डलेसचं : माईकवर किंवा रिसीव्हरवर फ्रिक्वेन्सी लिहिलेली असते, ती बघा. २०२२ च्या लिलावानंतर ७०० मेगाहर्ट्झचा पट्टा ५जी साठी वापरात आलाय, त्यातले जुने माईक आता त्रास देतात. २.४ गिगाहर्ट्झचे असतील तर हॉलमधले सगळे मोबाइल आणि वायफाय त्यांच्याशी भांडतात, म्हणून सकाळी चेकला चालतात आणि मंडळी भरली की तुटतात. रिसीव्हर मागे मिक्सरपाशी न ठेवता स्टेजजवळ, अँटेना माणसांच्या डोक्यांच्या वर, असा ठेवा. पाणी भरलेलं माणसाचं शरीर रेडिओ लहरी अडवतं. आणि व्यासपीठावर एक वायरचा माईक कायम चालू स्थितीत हाताशी असू द्या.

पनवेलकर

आभारी आहे. अजून एक, नाताळच्या आदल्या रात्री आम्ही आवारात मंडप घालून उपासना घेतो. लाउडस्पीकरचं नेमकं काय?

जुनी_केबल

ध्वनिप्रदूषण नियम, २०००. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर बंद. बंदिस्त सभागृहात आतल्या आत चालतो, उघड्या मंडपात नाही. राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १२ पर्यंत सूट देऊ शकतं. त्या वर्षाच्या यादीत तुमची तारीख आहे का ते जिल्हाधिकारी कार्यालयाकडून आधी कळून घ्या आणि पोलीस ठाण्याची लेखी परवानगी हातात असू द्या. वस्तीच्या भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डीबी. रुग्णालय, शाळा, कोर्ट यांच्या १०० मीटरच्या आत शांतता क्षेत्र असू शकतं. मंडपात एक मोठा भोंगा लावण्यापेक्षा लहान बॉक्स जास्त लावा, प्रत्येक हळू, तोंड आत. बाहेर कमी जातं, आत जास्त कळतं.

कळवेकर

दोन रविवार मधे गेले, म्हणून कळवतो. हम गेला. कीबोर्ड खरंच वेगळ्या बोर्डावर होता. केबलदादांनी सांगितलं तसा डीआय लावला आणि सगळी वीज एका बोर्डावरून घेतली. हॉलच्या दोन सॉकेटना अर्थच नव्हता, ते शाळेला लेखी कळवलं, त्यांनी वायरमन पाठवला. पाळक आता बॉक्सच्या मागे उभे राहतात आणि शास्त्रपाठाला एक मुलगी माईक नीट करायला उभी असते. मागच्या रांगेतून स्वतः ऐकलं, उपदेश कळतो. मधले बॉक्स लावायला भिंतीत खिळे मारू देत नाहीत, म्हणून ट्रायपॉड स्टँडवर लावणार आहोत. उंची किती ठेवू? आणि आवाज किती ठेवायचा हे कसं ठरवू?

मागचा_बाक

फार बरं वाटलं वाचून. अर्थचं लेखी कळवलंत हे उत्तम, आठवडाभर त्या हॉलमध्ये शाळेची मुलं असतात.

स्टँडवर हॉर्न जमिनीपासून २ ते २.२ मीटरवर येऊ द्या, म्हणजे मंडळी गायला उभी राहिली तरी त्यांच्या डोक्यांवरून आवाज मागे जाईल. तोंड मागच्या दोन-तृतीयांश भागाकडे, थोडं खाली. पातळीसाठी पंखे चालू ठेवून, खिडक्या नेहमीसारख्या उघड्या ठेवून आधी नुसता गोंगाट मोजा, मोबाइलचं ॲप चालेल. बोलणं त्याच्या साधारण १५ डीबी वर हवं. गोंगाट ५५ आला तर बोलणं ७० च्या आसपास. मधले बॉक्स पूर्ण बंद करून सुरुवात करा, कोणालातरी बायबल वाचायला लावा, आणि शेवटच्या रांगेत बसून हळूहळू वाढवत न्या. बॉक्स चालू आहे हे कळायला लागलं की तिथून थोडं मागे या. नंतर एकदम बंद करून बघा, शब्द विरघळायला हवेत. तसं झालं तर जुळलं.

स्टँडचे पाय पूर्ण उघडा, प्रत्येक स्टँडवर वाळूची पिशवी ठेवा आणि केबल भिंतीच्या कडेने टेपने चिकटवून न्या. संडेस्कूल सुटलं की मुलं तिथूनच धावतात.